सूर्य ते प्रॉक्झिमा, २,६८५ मीटर: कामाच्या नोंदी

नोंद १ · ४ जानेवारी

करायचं आहे ते असं. सरळ रस्त्याच्या एका टोकाला सूर्य, दुसऱ्या टोकाला प्रॉक्झिमा सेंटॉरी, म्हणजे सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा. मधलं सगळं एकाच प्रमाणात. खुंट्या ठोकायच्या, पाट्या लावायच्या. पावणेतीन किलोमीटरचा जवळजवळ सरळ रस्ता मिळालाय. आणखी कुणाला हेच करायचं असेल तर निदान माझ्या चुका त्याच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून रोजचं लिहून ठेवतो.

आजचा दिवस फुकट गेला. सुरुवात किलोमीटरने केली, कारण किलोमीटर ओळखीचा. १ सेंटीमीटर = १० लाख किलोमीटर. पृथ्वी दीड मीटरवर आली, नेपच्यून ४५ मीटरवर. छान वाटलं. मग प्रॉक्झिमा काढली, तर ४०० किलोमीटर.

त्याआधीच दोन तास शून्यांनी खाल्ले होते. नेपच्यूनचं अंतर ४५० कोटी किलोमीटर. स्प्रेडशीटमध्ये लाख, कोटी आणि अब्ज एकत्र कालवले आणि एका सेलमध्ये ४५ कोटी पडलं. त्यामुळे नेपच्यून मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यात जाऊन बसला, आणि मला पत्ताच नाही. भाचीच्या लक्षात आलं. "मामा, नेपच्यून गुरूच्या अलीकडे कसा?" आकड्यातलं एक शून्य गळलेलं डोळ्याला दिसत नाही, रांगेतली जागा चुकलेली दिसते.

नोंद २ · ५ जानेवारी

किलोमीटर सोडला. नवं प्रमाण: १ सेंटीमीटर = १ खगोलीय एकक. खगोलीय एकक (पुढे ख.ए.) म्हणजे ढोबळमानाने पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं सरासरी अंतर. २०१२ पासून ते ठरावाने नेमकं केलंय: १४,९५९ कोटी ७८ लाख ७० हजार ७०० मीटर, ना एक मीटर कमी ना जास्त. आम्हाला एवढं नेमकं नकोच आहे, आम्हाला फक्त १ हा आकडा हवाय.

आणि काम एकदम सुटसुटीत झालं. बुध ०.३९, शुक्र ०.७२, पृथ्वी १, मंगळ १.५२, गुरू ५.२, शनी ९.६, युरेनस १९.२, नेपच्यून ३०.१. अख्खी ग्रहमाला कंपासपेटीतल्या ३० सेंटीमीटरच्या पट्टीवर मावली. नेपच्यून तेवढा पट्टीच्या कडेवरून एक मिलिमीटर बाहेर लोंबतोय. कालची शून्याची चूक इथे झालीच असती तर ३० च्या जागी ३ दिसलं असतं आणि लगेच खटकलं असतं.

व्हॉयेजर १ हे यान १९७७ मध्ये निघालं. ते या मापात सूर्यापासून साधारण १७० सेंटीमीटरवर पोचलंय, आणि वर्षाला साडेतीन सेंटीमीटर सरकतं. माणसाने सगळ्यात लांब पाठवलेली वस्तू पहिल्या खुंटीपासून दोन पावलांवर आहे. तिला वेगळी पाटी देणार होतो, पण सूर्याच्याच पाटीवर एक ओळ पुरेल.

वेळ: दीड तास. काल सहा तासांत झालं नव्हतं.

नोंद ३ · ११ जानेवारी

सूर्य काढता येत नाही.

व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर, म्हणजे आमच्या मापात ०.०९ मिलिमीटर. सगळ्यात बारीक पेन आणलं, ०.५ चं. त्याचा ठिपकाही पाचपट मोठा. सुईने टोचून पाहिलं, भोक त्याहून मोठं. शेवटी डोक्यावरचा एक केस तोडून पट्टीच्या शून्यावर उभा चिकटवला. केसाची जाडी साधारण तेवढीच असते. पृथ्वी या मापात मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान, तिथे फक्त खूण. वरून पारदर्शक टेप लावली, नाहीतर सूर्य वाऱ्याने उडून जायचा.

नोंद ४ · १२ जानेवारी

प्रकाशवर्षाची खुंटी. हिशोब सोपा वाटला होता. प्रकाश सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर जातो, त्याला वर्षातल्या सेकंदांनी गुणायचं. मी वर्ष ३६५ दिवसांचं धरलं. उत्तर ६३,१९८ ख.ए., म्हणजे ६३१ मीटर ९८ सेंटीमीटर. पाटीवर छापलंसुद्धा.

संध्याकाळी ताळा करताना छापील आकड्याशी जुळेना. प्रकाशवर्षातलं वर्ष ३६५.२५ दिवसांचं धरतात, ज्यूलियन वर्ष. बरोबर उत्तर ६३,२४१ ख.ए., ६३२ मीटर ४१ सेंटीमीटर. फरक ४३ सेंटीमीटर. सहाशे मीटरांत एवढा फरक कोण बघतो, असं म्हणून सोडणार होतो. पण ४३ सेंटीमीटर म्हणजे ४३ ख.ए.; सूर्यापासून नेपच्यूनपर्यंत जाऊन वर तेरा शिल्लक. दिवसाचा एक चतुर्थांश विसरलो, त्यात ग्रहमाला बुडाली. पाटी पुन्हा छापली.

एक गोष्ट मात्र या हिशोबातून हाती लागली. आमच्या रस्त्यावर प्रकाश तासाला सव्वासात सेंटीमीटर चालतो. मुंगी त्याला सहज मागे टाकेल. पट्टीवरच्या नेपच्यूनपर्यंत पोचायला त्याला चार तास लागतात. पाटीवर हेच लिहिलंय, "९.४६ लाख कोटी किलोमीटर" लिहून वाचणाऱ्याला काही कळत नाही, मलाही कळत नव्हतं.

नोंद ५ · १८ जानेवारी

रस्ता मोजला. चुकीचा मोजला.

३० मीटरच्या टेपने २,६८५ मीटर म्हणजे नव्वद वेळा टेप उचलणं आलं, म्हणून सायकल घेतली. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हजवळ लाल रिबन बांधली, जमिनीवर चाक एकदा फिरवून परीघ मोजला: २.१० मीटर. मग भाची सायकलवर, मी शेजारून चालत फेरे मोजतोय. चारशेच्या पुढे कुणीतरी वाट विचारली आणि आकडा गेला. पुन्हा सुरुवातीपासून. दुसऱ्यांदा दर शंभर फेऱ्यांना एक खडा खिशात टाकला. ही युक्ती सुरुवातीलाच करा.

१,२७९ फेऱ्यांनी प्रॉक्झिमाची खुंटी ठोकली. परतताना सहज म्हणून सुरुवातीचे ३०० मीटर टेपने पडताळले, तर तिथे १४३ च्या जागी १४५ फेरे भरले. कारण अगदी साधं. परीघ मोजला तेव्हा सायकलवर कुणी नव्हतं. माणूस बसला की टायर दबतो, चाक थोडं लहान होतं. खरा परीघ २.०७ निघाला. दर फेऱ्याला ३ सेंटीमीटर, म्हणजे शेवटच्या खुंटीपाशी ३८ मीटर कमी. एक प्रकाशवर्षाची खुंटी ९ मीटर अलीकडे. सगळ्या खुंट्या उपटल्या.

३८ मीटर म्हणजे आमच्या मापात ३,८०० ख.ए. मोजायची काठीच चुकली की त्या काठीने मोजलेलं सगळं त्याच पटीत चुकतं, जितकं लांब जाल तितकं जास्त. हे पुढे वेगळ्या रूपात पुन्हा आडवं येणार होतं.

वेळ: पाच तास, त्यातले साडेतीन वाया.

नोंद ६ · १९ जानेवारी

खुंट्या पुन्हा ठोकल्या, या वेळी सायकलवर माणूस बसवून मोजलेल्या परिघाने. १ प्रकाशवर्ष ६३२ मीटर. १ पार्सेक २,०६३ मीटर. प्रॉक्झिमा २,६८५ मीटर, म्हणजे ४.२५ प्रकाशवर्षं किंवा १.३० पार्सेक.

पार्सेकच्या खुंटीपाशी भाची म्हणाली, "प्रकाशवर्ष कळलं. पण हे ३.२६ प्रकाशवर्षांचं वेगळं माप कशाला? एक आहे ना?"

मी सांगायला लागलो: तारा, पराशय (बघायची जागा बदलली की जवळची वस्तू मागच्या पार्श्वभूमीवर सरकलेली दिसते, ते सरकणं कोनात), एक विकला, त्रिकोण. अर्ध्यातच माझ्या लक्षात आलं की मी पाठ केलेलं म्हणतोय. १९१३ मध्ये हर्बर्ट टर्नर या खगोलशास्त्रज्ञाने 'पार्सेक' हा शब्द सुचवला हे मला माहीत होतं. त्याची गरज का पडली, ते नव्हतं. म्हणून कामात भर: पराशय स्वतः मोजून बघायचा. रस्त्याचं काम आठवडाभर बंद.

नोंद ७ · २५ जानेवारी

मांडणी अशी. दोन मीटरची सरळ काठी आडवी बांधली. डाव्या टोकाला फोन ठेवून एक फोटो, उजव्या टोकाला ठेवून दुसरा. काठीचा मध्य म्हणजे सूर्य, दोन टोकं म्हणजे पृथ्वीच्या सहा महिन्यांच्या अंतराने असलेल्या दोन जागा. म्हणजे या खेळात १ मीटर = १ ख.ए. समोर एक दिव्याचा खांब, तो आपला तारा. त्याच्यामागे लांब पाण्याची टाकी, ती मागची तारकांची पार्श्वभूमी. दोन्ही फोटोंत खांब आणि टाकी यांच्यातलं अंतर पिक्सेलमध्ये मोजायचं. ते जेवढं बदललं तेवढा खांब सरकला.

खांब ६१ पिक्सेल सरकला. आता एक पिक्सेल म्हणजे कोनात किती? रात्री चंद्राचा फोटो काढला. चंद्र अर्धा अंश दिसतो असं सगळेच सांगतात. फोटोत तो ३३ पिक्सेल भरला, म्हणजे पिक्सेलला साडेचोपन्न विकला. (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला.)

उत्तर आलं ६२ मीटर. टेपने मोजलेलं अंतर ८६.

नोंद ८ · २६ जानेवारी

पहिली चूक सापडली, आणि ती लाजिरवाणी आहे. पराशय म्हणजे ताऱ्याच्या एकूण सरकण्याचा अर्धा भाग, कारण पार्सेकच्या त्रिकोणाचा पाया १ ख.ए. आहे, पृथ्वीच्या कक्षेचा अख्खा व्यास नव्हे. मी दोन मीटरच्या काठीचं सरकणं घेतलं आणि पाया एक मीटर धरला. अर्धा करून पुन्हा हिशोब केला.

१२४ मीटर.

म्हणजे चूक दुरुस्त केली आणि उत्तर आधीपेक्षा बिघडलं. क्षणभर वाटलं, आधीचंच बरोबर असेल. इथे मागे फिरू नका. आधीच्या उत्तरात दोन-तीन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या. एक काढली की उरलेल्या उघड्या पडतात.

दुसरी चूक चंद्राची. एक तर तो फोटोत इतका भगभगीत आला होता की कडा पसरल्या होत्या. दुसरं, पृथ्वीपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यामुळे तो कधी साडेएकोणतीस कलांचा तर कधी साडेतेहेतीस कलांचा दिसतो. आणि मुळात तीसेक पिक्सेलच्या वस्तूवर कसलं माप ठरवायचं! चंद्र सोडला. दिवसा एक मीटरची पट्टी बरोबर २० मीटरवर उभी केली आणि फोटोच्या अगदी मध्यभागी धरली. मध्यभागी का, तर फोटोच्या कडेला तोच कोन जास्त पिक्सेल व्यापतो. पट्टी १५४ पिक्सेल भरली. एक पिक्सेल ६७ विकला.

नवं उत्तर १०१ मीटर. अजून १५ मीटर जास्त.

नोंद ९ · १ फेब्रुवारी

आठवडाभर डोक्यात तेच. काठी पुन्हा मोजली, बरोबर दोन मीटर. खांबाचं अंतर पुन्हा मोजलं, ८६. पिक्सेल भाचीकडून मोजून घेतले, ६१.

शेवटी टाकी मोजली. टाकी ६०० मीटरवर आहे. मी तिला अचल धरून बसलो होतो, पण फोन दोन मीटर सरकल्यावर टाकीही सरकते, खांबापेक्षा कमी, पण सरकते. आणि ज्या दिशेला खांब सरकतो त्याच दिशेला सरकते, म्हणून खांबाचं सरकणं कमी दिसतं आणि खांब लांब वाटतो.

मग टाकी सोडून नऊ किलोमीटरवरच्या डोंगरावरचा टॉवर पार्श्वभूमीला घेतला. त्यासाठी सगळी मांडणी उचलून थोडी फिरवावी लागली, खांबाचं अंतर पुन्हा ८६ वर आणलं. आता खांब ७१ पिक्सेल सरकला. सरकणं अर्धं करून पराशय काढला: २,३७९ विकला. अंतर ८६.७ मीटर.

एका पिक्सेलची चूक म्हणजे सव्वा मीटर, त्यामुळे याहून बरं उत्तर या फोनने यायचं नाही. ओरडलो मात्र मोठ्याने.

१८३८ मध्ये जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नीचं अंतर याच रीतीने मोजलं, मागच्या मंद ताऱ्यांच्या आधाराने. त्याला ०.३१४ विकला मिळाले. आजचं माप ०.२८६. माझा एक पिक्सेल ६७ विकलांचा. तो माणूस काय दर्जाचं काम करत होता हे मला आज, टाकीशी भांडून झाल्यावर कळलं.

आणि भाचीच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच मिळालं. एका त्रिज्यीय कोनात (रेडियनमध्ये, म्हणजे ज्या कोनाचा कंस त्रिज्येएवढाच लांब असतो त्यात) २,०६,२६५ विकला असतात. त्या आकड्याला २,३७९ ने भागलं की ८६.७ येतं. पण ८६.७ काय? मीटर नव्हे. अर्ध्या काठीच्या ८६.७ पट. माझी काठी मीटरची होती म्हणून मीटर म्हटलं. काठीची लांबी मला माहीतच नसती तरी खांब अर्ध्या काठीच्या ८६.७ पट लांब आहे हे छातीठोक सांगता आलं असतं. खगोलशास्त्रज्ञांची हीच अवस्था होती. ताऱ्याचा कोन मोजता येत होता, पण पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर किलोमीटरमध्ये पक्कं सांगता येत नव्हतं. ते १९६१ मध्ये शुक्रावर रडार लहरी आपटवून परत घेतल्यावर खऱ्या अर्थाने बसलं. तोवर काठीची लांबी अंदाजाची, काठीत मोजलेली अंतरं मात्र त्या अंदाजावर अवलंबून नव्हती. पराशय एक विकला तर अंतर एक पार्सेक, अर्धी विकला तर दोन पार्सेक. एक भागिले विकला, संपलं. प्रकाशवर्ष काढायला प्रकाशाचा वेग आणि काठीची खरी लांबी, दोन्ही मध्ये आणावं लागतं.

भाचीला सांगितलं: प्रकाशवर्ष सांगायला, पार्सेक मोजायला. तिने मान डोलावली आणि विचारलं, खांब एक पार्सेकवर नेला तर? आमच्या काठीत २०६ किलोमीटर. प्रॉक्झिमा असती २६८ किलोमीटरवर.

नोंद १० · ८ फेब्रुवारी

रस्ता प्रॉक्झिमापाशी संपतो, म्हणून पुढच्या ताऱ्यांसाठी शेवटच्या खुंटीवर एक दिशादर्शक फळा: "व्याध सूर्यापासून इतक्या अंतरावर" असा. गाया या अंतराळ दुर्बिणीने आणि तिच्या आधी हिपार्कोस या उपग्रहाने मोजलेले पराशय घेतले आणि स्प्रेडशीटमध्ये एक भागिले केलं.

व्याध सूर्यापासून ५ मीटर ४४ सेंटीमीटरवर आला. व्हॉयेजरच्या पावणेचार मीटर पुढे.

यादीत आकडे सहस्रांश विकलांत असतात, मी विकला समजून घेतले. व्याधाचा पराशय ३७९ नाही, ०.३७९. खरं अंतर ५ किलोमीटर ४४० मीटर. बरोबर हजार पट, म्हणून आकडे तेच राहिले आणि नुसत्या नजरेला पटून गेले.

यादीत एका फार लांबच्या ताऱ्याचा पराशय उणे होता. एक भागिले उणे म्हणजे तारा सूर्याच्या मागच्या अंगाला, रस्त्याच्या उलट्या दिशेने. भाची हसली. ही यादीतली चूक नाही. कोन जेव्हा मोजमापाच्या चुकीहून बारीक असतो तेव्हा मोजलेला आकडा शून्याच्या कोणत्याही बाजूला पडू शकतो. अशा ताऱ्यांना एक भागिले लावू नये. तो तारा गाळला.

अंतिम फळा: व्याध ५.४ किमी, श्रवण १०.६ किमी, अभिजित १५.८ किमी. देवयानी दीर्घिका घालावी असा भाचीचा हट्ट. तिचं अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं, आमच्या रस्त्याच्या मापात जवळपास १६ लाख किलोमीटर. प्रमाण लहान करून जी अंतरं रस्त्यावर आणली, त्यातलं हे एक खऱ्या चंद्राच्या चौपट लांब निघालं. फळ्यावर घातलं.

नोंद ११ · १५ फेब्रुवारी

सगळ्या पाट्या लागल्या. प्रॉक्झिमाची खुंटी टेपने पुन्हा पडताळली, नव्वद उचलण्या, दोघांनी मिळून. चूक ४० सेंटीमीटर. ठीक आहे म्हणवत नाही, पण ठेवली.

पाट्यांवर अखेर एकक असं लिहिलं: ग्रहांना ख.ए., रस्त्यावरच्या खुंट्यांना प्रकाशवर्ष, फळ्यावरच्या प्रत्येक ताऱ्यापुढे त्याचा पराशय विकलांत आणि शेजारी पार्सेक. किलोमीटर कुठेच नाही, फळ्यावरचे सोडून, आणि तेही चालायचे किलोमीटर आहेत.

एकूण ४१ तास. त्यातले निदान १८ दुरुस्तीचे. छापलेल्या पाट्या चौदा, वापरलेल्या नऊ.

राहिलेलं: अल्फा सेंटॉरीचे दोन मोठे तारे प्रॉक्झिमापासून साधारण १३,००० ख.ए. लांब आहेत, आमच्या मापात १३० मीटर. पण ते सगळे आमच्या रेषेत नाहीत, त्यांची खुंटी रस्त्याच्या बाजूच्या शेतात पडते, आणि नेमकी कुठे याचा हिशोब अजून केलेला नाही. शेतात जायला आधी विचारावं लागेल. सूर्याचा केस परवा टेपखालून निसटला होता, दुसरा लावला.